युरिक ॲसिड घरी मोजायचं मशीन: अंगठा सुजलेला असताना घेऊ नका

ग्लुकोमीटरसारखं दिसणारं, बोटाच्या एका थेंबावर युरिक ॲसिड सांगणारं मशीन आता सहज मिळतं. ऑनलाइन ढीग पडलाय, आणि पुण्यात सदाशिव पेठेतल्या औषधबाजारात चौकशी केली तर कुणी ना कुणी मागवून देतो. बहुतेक मशीन्स ‘थ्री इन वन’ असतात: साखर, कोलेस्टेरॉल आणि युरिक ॲसिड. मशीन एक, स्ट्रिप्स तीन जातीच्या. हा रिव्ह्यू फक्त युरिक ॲसिडच्या बाजूचा आहे आणि गाऊट (युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साठून होणारा संधिवात) असलेल्यांसाठीच आहे. एका कंपनीचं नाव घेऊन काही साधणार नाही, कारण या वर्गातल्या मशीन्सच्या खोडी थोड्याफार फरकाने सारख्याच आहेत.

निकाल आधीच सांगतो. मशीन कामाचं आहे, पण मोजक्या लोकांच्या आणि तेही काही महिन्यांपुरतं. गंमत अशी की लोक ते नेमकं ज्या दिवशी विकत घेतात, त्या दिवशी ते सगळ्यात निरुपयोगी असतं.

होतं काय, की मध्यरात्री पायाचा अंगठा लालबुंद होऊन ठणकायला लागतो. पांघरुणाचं टोक लागलं तरी ओरडायची वेळ येते. सकाळी घरातलं कुणीतरी फोनवर मशीन मागवतं, संध्याकाळी बोट टोचलं जातं आणि आकडा येतो ५.८. मग ‘युरिक ॲसिड तर नॉर्मल आहे, म्हणजे पाय मुरगळला असणार’ असं ठरतं, तेल चोळलं जातं, शेक दिला जातो आणि दुखणं दुप्पट होतं. मशीनची इथे काही चूक नसते. गाऊटचा झटका चालू असताना रक्तातलं युरिक ॲसिड बऱ्याच जणांत खाली येतं, कारण सुजेच्या काळात मूत्रपिंडं ते एरवीपेक्षा जास्त बाहेर टाकतात. खरा आकडा हवा असेल तर झटका पूर्ण ओसरल्यावर दोन ते चार आठवड्यांनी मोजायचा. लॅबच्या तपासणीलाही हाच नियम लागू आहे. झटक्याच्या दिवशी बर्फ (कापडात गुंडाळून), पाय उंच आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध, एवढंच कामाचं.

उलटंही खरं. आकडा ८ आला म्हणून दुखणारा प्रत्येक सांधा गाऊटचा होत नाही. ८ घेऊन आयुष्यभर एकही झटका न येणारी माणसं पुष्कळ आहेत. पक्कं निदान सांध्यातलं पाणी काढून, ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली सुईसारखे स्फटिक दिसले की होतं. आणि एकच सांधा गरम, सुजलेला असून सोबत थंडीताप असेल, तर मशीन काढत बसू नका. सांध्यात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो, त्यात एक दिवसही महाग पडतो. सरळ हॉस्पिटल गाठा.

मग हे मशीन आहे कशासाठी? औषध चालू केल्यानंतर आकडा हळूहळू खाली येतोय का, एवढंच बघायला.

त्यासाठी दोन आकडे डोक्यात पक्के हवेत. शरीराच्या तापमानाला युरेट (रक्तातलं युरिक ॲसिड) साधारण ६.८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेलं की रक्तात विरघळून राहू शकत नाही आणि त्याचे स्फटिक धरायला लागतात. पायाच्या अंगठ्यासारख्या गार राहणाऱ्या सांध्यात तर त्याच्याही आधी. म्हणून उपचाराचं लक्ष्य ६ च्या खाली ठेवतात. कानाच्या पाळीवर, कोपरावर किंवा बोटांवर खडूसारख्या गाठी आल्या असतील तर अनेक तज्ज्ञ ५ च्या खालीच आणायचं म्हणतात, कारण आकडा जितका खाली तितक्या गाठी लवकर विरघळतात. आता लॅबचा रिपोर्ट उघडा. पुरुषांसाठी ‘नॉर्मल’ ७ किंवा ७.२ पर्यंत छापलेलं असतं. म्हणजे ६.९ आला तर रिपोर्टवर ना ठळक अक्षर, ना तारा, आणि पेशंट खूश. गाऊटवाल्याने तो छापील रकाना बघायचाच नाही, ६ हीच रेघ.

आणि इथेच मशीनची खरी मर्यादा उघडी पडते. अशा स्ट्रिपच्या रीडिंगमध्ये पंधरा टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे होऊ शकतं, असं धरूनच चालावं. म्हणजे स्क्रीनवर ६.० आलं तर खरं काहीतरी ५.१ ते ६.९ च्या मध्ये. जी रेघ ओलांडली का नाही हे बघायचंय, तिच्या दोन्ही बाजूंना हा पट्टा पसरलेला. त्यामुळे ५.९ आणि ६.२ मध्ये भेद करायचं काम या मशीनचं नाहीच. ९.४ वरून ७.८, तिथून ६.५, तिथून ५.३ असा उतार ते व्यवस्थित दाखवतं.

आता पैशांचं गणित, कारण जाहिरातीत ते कुणी नीट मांडत नाही. युरिक ॲसिडच्या स्ट्रिप्स साधारण पंचवीसच्या डबीत येतात आणि साखरेच्या स्ट्रिपपेक्षा बऱ्याच महाग असतात. डबी एकदा उघडली की मुदतीची तारीख छापील राहत नाही. साधारण तीन महिन्यांत संपवायची असते (नेमका आकडा डबीवर असतो, उघडल्याची तारीख पेनाने तिथेच लिहून टाका). औषधाचा डोस ठरत असताना मोजायचं दोन ते पाच आठवड्यांतून एकदा. प्रत्येक वेळी खात्रीसाठी दोन स्ट्रिप्स वापरल्या तरी तीन महिन्यांत फार तर दहा-बारा लागतात. उरलेल्या कचऱ्यात. म्हणून एका तपासणीचा खर्च काढताना डबीची किंमत पंचवीसने भागू नका, बाराने भागा. एकदा आकडा स्थिरावला की मोजणी सहा महिन्यांतून एकदा होते. तेव्हा तर अख्खी डबी एका-दोन स्ट्रिप्ससाठी फुटते. लॅबमधली एकट्या युरिक ॲसिडची तपासणी काही शे रुपयांत होते, तिच्यापुढे हा सौदा उघडउघड तोट्याचा. घरात गाऊटचे दोन पेशंट असतील (वडील आणि मुलगा, हे कॉम्बिनेशन काही दुर्मीळ नाही) तर हिशेब जरा बरा बसतो. तेवढ्या वेळी सुई मात्र प्रत्येकाची वेगळी आणि दरवेळी नवी.

घेतलंच असेल तर वापरायचं कसं. बहुतेक चुका मशीनमध्ये नसतात, बोटात असतात.

हात साबणाने धुवायचे आणि पूर्ण कोरडे करायचे. हे ‘स्वच्छता’ म्हणून सांगत नाही. या स्ट्रिप्स विजेच्या प्रवाहावरून आकडा काढतात आणि व्हिटॅमिन सीसुद्धा त्याच पद्धतीने तिथे प्रवाह निर्माण करतं. लिंबू पिळलेल्या, आवळा किंवा संत्रं सोललेल्या बोटाचा आकडा भलताच येऊ शकतो. व्हिटॅमिन सीच्या ५०० मिलिग्रॅमच्या चघळायच्या गोळ्या चालू असतील तर त्याही डॉक्टरांना सांगाव्यात आणि त्या काळात लॅबच्याच आकड्यावर भरवसा ठेवावा. सॅनिटायझर लावलं असेल तर ते उडून जाईपर्यंत थांबा. ओला हात असेल तर थेंब बोटभर पसरतो आणि पाण्याने पातळ होतो.

टोचायचं अनामिकेच्या किंवा मधल्या बोटाच्या कडेला, पेराच्या मधोमध नाही. मधोमध दुखतं जास्त आणि रक्त येतं कमी. ज्या बोटाचा सांधा सुजलाय किंवा जिथे गाठ आहे, त्या बोटाला हात लावायचा नाही. टोचायच्या पेनावरचा खोलीचा आकडा मधल्या खुणेपासून सुरू करावा, जाड कातडीला एक घर वर न्यावा. डिसेंबरच्या सकाळी बोटं गार पडलेली असतात, मग रक्त निघत नाही आणि माणूस बोट पिळायला लागतो. तिथेच घोळ होतो. पिळल्यावर रक्तासोबत पेशींमधलं पाणी येतं आणि आकडा कमी दिसतो. त्याऐवजी हात कोमट पाण्याखाली मिनिटभर धरा, पुसा, खाली लोंबकळू द्या, तळव्यापासून बोटाकडे एकदा अलगद दाबत या. पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसून टाका, दुसरा घ्या. स्ट्रिपच्या कडेला थेंब टेकवला की ती स्वतः आत ओढते. वरून ठिपका ठेवायचा नाही, आणि खिडकी अर्धीच भरली म्हणून वरून दुसरा थेंब तर मुळीच टाकायचा नाही. ती स्ट्रिप गेली असं समजायचं.

बऱ्याच मशीन्समध्ये प्रत्येक नव्या डबीसोबत एक छोटी कोड-चिप येते. मशीनमध्ये ती बदलायची आणि स्क्रीनवरचा आकडा डबीवरच्या आकड्याशी जुळतोय ना, हे बघायचं. थ्री इन वनमध्ये हमखास होणारा गोंधळ म्हणजे मधुमेहवाल्यांनी सकाळी साखर बघितलेली असते, साखरेची चिप तशीच आत असते आणि युरिक ॲसिडची स्ट्रिप घातली जाते. काही मशीन्स एरर दाखवतात, सगळी दाखवतीलच असं नाही.

स्क्रीनवर ३६० असं काहीतरी आलं तर घाबरू नका. बाहेरून येणाऱ्या काही मशीन्समध्ये एकक मायक्रोमोल प्रति लिटर असतं. साठने भागलं की आपला आकडा मिळतो, ३६० म्हणजे ६. ०.३६ दिसलं तरी तेच, फक्त मिलिमोलमध्ये. खरेदी करतानाच मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरवालं मागावं, कारण काही मशीन्समध्ये एकक बदलायची सोयच नसते. ‘लो’ आलं तर युरिक ॲसिड शून्यावर आलं असं नाही. साधारण ३ च्या खाली ही मशीन्स आकडाच दाखवत नाहीत. ॲनिमिया असेल तर मात्र सावध. रक्तात लाल पेशी कमी असल्या की स्ट्रिपचं गणित चुकतं. माहितीपत्रकात हिमॅटोक्रिटची (रक्तातल्या लाल पेशींच्या प्रमाणाची) मर्यादा दिलेली असते, आपल्या सीबीसीच्या रिपोर्टशी ती एकदा ताडून बघा. मूत्रपिंडाच्या जुन्या पेशंटमध्ये ॲनिमिया आणि गाऊट दोन्ही हातात हात घालून येतात, म्हणून हे खास त्यांच्यासाठी.

पुण्याच्या हवेचा आणि स्ट्रिप्सचा संबंध आहे, आणि तो चांगला नाही. ठेवायचं तापमान बहुधा ३० अंशांपर्यंत लिहिलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकलेला असताना दिवसभर डिलिव्हरीच्या गाडीवर फिरलेली डबी किंवा स्कूटरच्या डिकीत राहिलेली डबी, तिच्यावर विश्वास ठेवू नये. उन्हाळ्यात मागवायचीच असेल तर दुकानातून स्वतः आणा, संध्याकाळी. जुलै ते सप्टेंबरची दमट हवा त्याहून वाईट. डबीच्या झाकणात ओलावा शोषणारी पूड असते, ती झाकण घट्ट असेल तोवरच काम करते. स्ट्रिप काढली की लगेच टप् आवाज येईपर्यंत झाकण लावायचं. फ्रिजमध्ये ठेवायची हुशारी नको, बाहेर काढल्यावर आत दव धरतं. स्वयंपाकघरातली गॅसजवळची फळीही नको.

नवं मशीन आलं की आधी त्याची लॅबशी गाठ घालून द्या. लॅबचा माणूस सकाळी रक्त घ्यायला येईल त्याच वेळी बोटाचंही रीडिंग घ्या आणि वहीत दोन्ही शेजारी शेजारी लिहा. लॅब ७.४ आणि मशीन ८.० असेल तर तुमचं मशीन चढं दाखवतं, पुढची रीडिंग त्याच नजरेने वाचायची. डोस वाढल्यावर आकडा उतरला की हे पुन्हा एकदा करा, कारण वरच्या आकड्याला असलेला फरक खालच्या आकड्यालाही तेवढाच असेल असं नाही. दोन्ही वेळा फरक एक-सव्वाच्या पुढे असेल तर मशीन परत करा.

लॅबबद्दलही दोन शब्द. पुण्यात घरी येऊन रक्त नेण्याची सोय जवळपास सगळीकडे आहे आणि पाय जमिनीला टेकवता न येणाऱ्या पेशंटसाठी ती मोठी आहे. त्रास एकच, चौकशी करावी युरिक ॲसिडची आणि गळ्यात पडतं ऐंशी तपासण्यांचं ‘फुल बॉडी’ पॅकेज. ठामपणे सांगा, सीरम युरिक ॲसिड आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी). युरिक ॲसिड उतरवणारं फेबुक्सोस्टॅट चालू असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने एसजीपीटी (यकृतासाठी). उपाशीपोटी असायलाच हवं असं युरिक ॲसिडसाठी नाही, पण दरवेळी तीच लॅब आणि साधारण तीच वेळ ठेवली तर तुलना सरळ होते. निर्जळी एकादशीच्या किंवा नवरात्राच्या कडक उपवासात मोजू नका. उपाशीपोटी शरीरात तयार होणारे कीटोन मूत्रपिंडातून बाहेर पडताना युरिक ॲसिडची वाट अडवतात आणि आकडा चढतो. पालखीबरोबर दिवसभर चालून आल्यावर किंवा सिंहगड चढून-उतरून घामाघूम झाल्यावरचा आकडाही तसाच फसवा.

मशीन घरात आलं की एक खेळ सुरू होतो, तो मुळातच फोल आहे. रात्री मटकीची उसळ खाल्ली, सकाळी मोजलं. टोमॅटो खाल्ला, मोजलं. ०.४ ने वाढलं, म्हणजे मटकी बंद! मागचं पंधरा टक्क्यांचं गणित आठवा. ७.५ वर ते एक-सव्वा एकचं होतं. आणि काटेकोर पथ्याने युरिक ॲसिड उतरतं तेही साधारण एकनेच. म्हणजे एका वाटी उसळीचा परिणाम या मशीनला दिसणं शक्यच नाही, दिसतो तो स्ट्रिपचा चढउतार.

डाळींवरचा हा राग तसाही अनाठायी आहे. २००४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या अमेरिकेतल्या ४७ हजारांहून अधिक पुरुषांच्या बारा वर्षांच्या अभ्यासात मटण आणि मासळीने गाऊटचा धोका वाढलेला दिसला, प्युरिन (ज्यापासून शरीरात युरिक ॲसिड बनतं) जास्त असलेल्या भाज्या-डाळींनी नाही. दूध-दह्याने तर तो कमी झालेला दिसला. तेव्हा वरण-भात, पालक आणि ताक सुखाने चालू द्या. हात आखडायचा तो बिअर, पाया, कलेजी, सुकट, तारली आणि गोड कोल्ड्रिंकवर. बाटलीतल्या फ्रुक्टोजमधून शरीर युरिक ॲसिड बनवतं, हे अजून फार घरांत पोचलेलं नाही. तिथे डाळ बंद असते आणि फ्रिजमध्ये दोन लिटरची बाटली असते.

रीडिंग बघून काय करायचं नाही, हे जास्त महत्त्वाचं. ५.४ आलं म्हणून गोळी बंद करायची नाही. ती गोळी घेतली म्हणूनच ५.४ आलंय. ॲलोप्युरिनॉल ही युरिक ॲसिड उतरवणारी गोळी साधारण १०० मिलिग्रॅमपासून (मूत्रपिंड कमजोर असेल तर त्याहून कमी) सुरू करून पायरीपायरीने वाढवतात आणि बरेच जण ३०० वर अडकून पडतात. आकडा ६ च्या वरच राहिला तरी डोस कुणी हलवत नाही. वहीतला उतार थांबलेला दिसला तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा, मशीनची सगळी किंमत इथे वसूल होते. दुसरं, आकडा झपाट्याने उतरताना सुरुवातीच्या महिन्यांत झटके वाढू शकतात, कारण साठलेले स्फटिक हलायला लागतात. ‘औषधानेच दुखणं आलं’ म्हणून गोळी सोडणारे इथेच सोडतात. म्हणून पहिले तीन ते सहा महिने सोबत कमी डोसात कोल्चिसिन हे झटके रोखणारं औषध देतात. त्याने जुलाब झाले तर डोस कमी करून घ्यायचा, मनाने वाढवायचा तर कधीच नाही. चालू असलेली युरिक ॲसिडची गोळी झटक्यातही तशीच चालू ठेवायची. ॲलोप्युरिनॉलवर अंगावर पुरळ उठलं तर मात्र एकही गोळी पुढे न घेता त्याच दिवशी डॉक्टर.

आणि आकडा काही केल्या उतरत नसेल तर बीपीच्या गोळ्यांचं पाकीट बघा. हायड्रोक्लोरोथायझाइड युरिक ॲसिड वाढवतं, लोसार्टन थोडं उतरवतं. बदल शक्य आहे का, हे डॉक्टरांना विचारता येतं. हृदयासाठी चालू असलेली कमी डोसची ॲस्पिरिनही थोडं वाढवते, पण ती कुणी आपल्या मनाने सोडू नये.

तेव्हा घ्यावं कुणी? ज्यांचं औषध नुकतंच सुरू झालंय आणि डोस ठरायचाय, घरात दोन पेशंट आहेत, किंवा वयस्कर माणसाची शीर सापडत नाही आणि दर महिन्याला रक्त काढणं म्हणजे शिक्षा होऊन बसते, त्यांनी. बाकीच्यांनी लॅब. विकत घेताना मशीनपेक्षा स्ट्रिप्सची चौकशी आधी करा. त्याच मॉडेलच्या स्ट्रिप्स एरवीही मिळतात का, की फक्त मशीनसोबतची पहिली डबीच, आणि त्या डबीवर किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक आहे का? स्ट्रिप्स मिळेनाशा झाल्या की मशीन नुसतं खेळणं.

वापरलेल्या सुया घरच्या कचऱ्यात सुट्या टाकू नका. पुण्यात कचरा अजूनही हाताने वेगळा केला जातो, ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेतल्या ताईंच्या बोटात ती सुई जाते. जाड प्लॅस्टिकची बाटली घ्या, सुया तिच्यात टाका, भरली की झाकणावर टेप गुंडाळा, बाहेर मोठ्या अक्षरात ‘सुया’ असं लिहा आणि ताईंच्या हातात देताना तोंडानेही सांगा.